निषेधाचे चित्र कोणत्या भिंतीवर?

महाराष्ट्रातील चित्रकारांनी सामाजिक अन्यायाविरुद्ध आणि युद्धाविरुद्ध उघडपणे कुंचला चालवला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून. त्याआधीची चित्रे मुकी होती असे नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात निघालेल्या चित्रशाळेने शिळाछापाची स्वस्त रंगीत चित्रे घरोघर पोचवली. त्यांत देवादिकांच्या जोडीला नाना फडणविसांसारखे पेशवाईतले पुरुषही होते, आणि परक्या राजवटीत गेलेल्या राज्याचे चित्र भिंतीवर टांगणे हेही एक बोलणेच होते. मात्र ते आडून बोलणे होते. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली, त्याच वर्षीच्या मुद्रण कायद्याने छापील चित्रांवरही नजर आली. सावकारी, वेठ, अस्पृश्यता या घरच्या अन्यायांबद्दल मात्र ही चित्रे गप्पच राहिली. परक्यावर रोख धरणे सोपे होते. आपल्याच गावच्या वाड्यावर धरणे अवघड.

पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत समोर येते. निषेधाच्या चित्रात काय काढले आहे, याइतकेच ते कुठे लागले आणि कोणाला दिसले याला महत्त्व आहे. उपाशी माणसाचे चित्र उपाशी माणसाच्या वस्तीत लागले, तर त्याचे काम एक असते. वातानुकूलित दालनात लागले, तर दुसरे. मराठी मुलखातल्या बहुतेक थोर निषेधचित्रांना दुसरी जागा मिळाली. पहिल्या जागेसाठी काही चित्रकारांनी आटापिटा केला, आणि त्यांची कथा जास्त रंजक आहे.

या कथेची सुरुवात मुंबईत नव्हे, कोल्हापुरात होते. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. भाऊ आनंदराव यांच्यासोबत त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला आणि पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पौराणिक आणि ऐतिहासिक मूकपटांत नाव कमावल्यावर १९२५ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. कर्जापायी जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी गाव सोडून शहराच्या गिरणीची वाट धरतो, एवढेच कथानक. अंधारी झोपडी आणि तिच्यापुढे रडणारे कुत्रे हे त्यातले दृश्य जाणकारांच्या स्मरणात पुढे कित्येक वर्षे राहिले. ते रंगवलेले चित्रच होते, फक्त कापडाऐवजी फिल्मवर. देवदेवता आणि मावळे पाहायला सरावलेल्या प्रेक्षकाने या चित्रपटाला फारशी दाद दिली नाही. बाबूरावांनी हा विषय सोडला नाही. १९३६ मध्ये त्यांनी तो पुन्हा, या वेळी बोलता, काढला. एका चित्रकाराने चौकटीचा मोह सोडून पडद्याकडे जावे, कारण पडदा गावोगाव जातो, हे त्या काळाच्या मानाने फार पुढचे पाऊल होते.

त्याच कोल्हापुरात माधवराव बागल (१८९५–१९८६) यांनी वेगळी वाट काढली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले हे चित्रकार. वडील खंडेराव बागल सत्यशोधक चळवळीतले, ‘हंटर’ पत्राचे संपादक. माधवरावांनी निसर्गचित्रे आणि व्यक्तिचित्रे काढली, कलेवर पुस्तके लिहिली आणि संस्थानी कारभाराविरुद्ध शेतकऱ्यांचे मोर्चे नेत तुरुंगवासही पत्करला. त्यांच्या कॅनव्हासवर मात्र मोर्चा फारसा उतरला नाही. चित्रकार बागल आणि चळवळीतले बागल शेजारी शेजारी राहिले. दोघांची गाठ पडली ती बिंदू चौकात. ९ डिसेंबर १९५० रोजी तिथे जोतीराव फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसवण्यात आले. शिल्पकार बाळ चव्हाण, पुढाकार बागलांचा. आंबेडकर तेव्हा हयात होते. दालनाऐवजी चौक निवडणे, आणि तोही भर बाजाराचा, हा निर्णय त्यांच्या कोणत्याही तैलचित्रापेक्षा जास्त बोलका ठरला.

युद्धाचा विषय मुंबईत आला तो बंगालमार्गे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला. शत्रूला मिळू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या आणि धान्यसाठे सरकारने काढून घेतले, सैन्याच्या खरेदीने आणि साठेबाजीने भाव आभाळाला भिडले आणि १९४३ मध्ये बंगालात सुमारे ३० लाख माणसे मेली. रणांगणापासून दूर, गोळी न लागता मेलेली ही युद्धाचीच माणसे. चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) या तरुण चित्रकाराने नोव्हेंबर १९४३ मध्ये मेदिनीपूर जिल्हा पायी पालथा घातला, काळ्या शाईत रेखाटने केली, प्रत्येक रेखाटनाखाली माणसाचे नाव-गाव आणि हकिकत लिहिली. त्यातून ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका मुंबईत छापली गेली. इंग्रज सरकारने तिच्या ५ हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्रकाराच्या कुटुंबाने जपलेली एक प्रत तेवढी उरली, आणि तिच्यावरूनच २०११ मध्ये पुस्तिका पुन्हा छापता आली. सरकारला ही रेखाटने धोकादायक वाटली याचे कारण उघड आहे. ती दालनात टांगलेली नव्हती. ती पुस्तिकेत होती आणि पुस्तिका हातोहात फिरते.

मराठी कामगारवस्तीत हीच हाक शाहिरीतून पोचली. २५ मे १९४३ रोजी मुंबईत ‘इप्टा’ म्हणजे भारतीय जननाट्य संघ स्थापन झाला. त्याचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्ह चित्तप्रसादांचे मानले जाते. अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला, दुष्काळावर ‘बंगालची हाक’ रचली, आणि अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. चित्र आणि पोवाडा एकाच चळवळीच्या दोन हातांसारखे चालत होते, पण त्यांची पोच सारखी नव्हती. डफ-तुणतुणे घेऊन शाहीर परळच्या चाळीपासून माणदेशातल्या चावडीपर्यंत जाऊ शकत होता. चित्राला कागद लागतो, छापखाना लागतो आणि कोणीतरी ते भिंतीवर डकवावे लागते. १९४६ मध्ये चित्तप्रसाद मुंबईला आले आणि पुढची जवळजवळ सगळी हयात त्यांनी अंधेरीतल्या एका लहान घरात काढली. फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या बंडावर, बालमजुरांवर, शेतकऱ्यांवर त्यांनी लिनोकट केले. लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या पट्टीत चित्र कोरून त्याचे ठसे काढणे. साधने स्वस्त, आणि एका कोरणीतून हव्या तेवढ्या प्रती निघतात. गरिबीने हे तंत्र निवडायला लावले, की विचाराने, हे वेगळे करता येणार नाही.

युरोपात हा प्रश्न आधीच येऊन गेला होता. नेपोलियनच्या फौजांनी स्पेनमध्ये केलेल्या कत्तलींवर गोयाने १८१० नंतरच्या दशकात कोरलेली चित्रमालिका त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाली नाही. ती १८६३ मध्ये बाहेर आली. याच्या उलट पिकासोचे ‘गेर्निका’. २६ एप्रिल १९३७ रोजी बॉम्बफेक झाली आणि त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात चित्र लागले. पुढे ते स्पेनच्या निर्वासितांसाठी निधी जमवत फिरले. १९३९ च्या जानेवारीत लंडनच्या कामगारवस्तीतल्या व्हाइटचॅपल दालनात ते आले तेव्हा प्रवेशमूल्य म्हणून स्पेनच्या आघाडीवर पाठवण्यासाठी बुटांचा जोड घेतला जाई, असे सांगतात. मुंबईच्या चित्रकारांना ‘गेर्निका’ छापील चित्रांतून ठाऊक होते. त्याची तुटकी, आरडाओरडा करणारी शरीरे त्यांनी उचलली. त्याचे फिरणे उचलायला फार थोडे तयार झाले.

१९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपकडे या दृष्टीने पाहिले तर त्याची नेहमीची ओळख थोडी बदलते. फ्रान्सिस न्यूटन सूझा, के. एच. आरा, एम. एफ. हुसेन, एस. एच. रझा, ह. अं. गाडे आणि सदानंद बाकरे हे सहा संस्थापक. यांतले बरेच जण हलाखीतून वर आलेले. आरा निजामाच्या राज्यातल्या बोलारमचे, लहानपणी मुंबईला पळून आलेले, मोटारी धुऊन पोट भरणारे. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. हुसेन पंढरपूरचे, सिनेमाची मोठाली जाहिरातफलके रंगवून जगलेले. सूझा गोव्यातल्या साळगावचे. चळवळीत भाग घेतल्यावरून १९४५ मध्ये त्यांना जे. जे.तून काढून टाकले गेले, ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि गोव्याचे कष्टकरी, मुंबईचे भिकारी असे विषय त्यांनी रंगवले. ही चित्रे कामगारवस्त्यांत दाखवली गेली आणि पक्षाच्या पत्राने त्यांची वाहवा केली. चित्र कसे काढावे हे पक्ष सांगू लागला तेव्हा सूझा बाहेर पडले.

जुलै १९४९ मध्ये ग्रुपचे पहिले प्रदर्शन भरले. उद्घाटक मुल्कराज आनंद. त्याच्या पुस्तिकेत सूझांनी स्पष्टच लिहिले की कला जनतेजवळ नेण्याची आपली आधीची कल्पना ग्रुपने टाकून दिली आहे, कारण चित्रकार आणि लोक यांच्यातली दरी बुजणारी नाही. ‘पुरोगामी’ नाव घेतलेल्या गटाने पहिल्याच प्रदर्शनात हे लिहावे याचे आश्चर्य वाटते. पण त्यात प्रामाणिकपणा होता. १९५२ मध्ये काळा घोड्याजवळ जहांगीर आर्ट गॅलरी उघडली आणि आधुनिक चित्राला मुंबईत हक्काची भिंत मिळाली. ती भिंत कोणाची, हेही तिथे ठरून गेले. हुसेनांच्या ‘जमीन’ (१९५५) या लांबलचक चित्रात खेड्यातले कष्ट आहेत, पण ते पाहायला खेडे येत नव्हते. हुसेनांची जाहिरातफलके पाहायला मात्र गिरगावातले शेंबडे पोरही थांबत असेल.

फाळणीच्या हिंसेने एका चित्रकाराचे सगळे आयुष्य व्यापले. तय्यब मेहता (१९२५–२००९) यांनी १९४७ मध्ये महंमद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून जमावाने एका तरुणाला ठार मारताना पाहिले. पुढे बांधून पाडलेला बैल, कोसळणारा माणूस, तिरप्या रेषेने चिरलेली शरीरे हे त्यांचे विषय झाले. त्यांच्या चित्रांत झेंडा नाही, घोषणा नाही, दंगलीचे नावही नाही. त्यामुळेच ती टिकली असे म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी या संयमाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जी चित्रे काही सांगत नाहीत, त्यांना विकत घेताना कोणाला अडचण येत नाही.

चित्रकार नेहमी सत्तेच्या विरुद्ध उभे राहिले, हा समजही बाजूला ठेवावा. आणीबाणीत, १९७५ मध्ये, हुसेनांनी इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात रंगवले. त्याच हुसेनांवर १९९६ पासून देवतांच्या चित्रांवरून खटले आणि हल्ले झाले, १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईच्या घरावर चाल झाली, २००६ मध्ये ते देशाबाहेर गेले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. एकाच माणसाच्या चरित्रात राजाश्रयाचे चित्र आणि परागंदा होणे दोन्ही बसले.

सत्तरच्या दशकात चित्र पुन्हा वस्तीत न्यायची धडपड सुरू झाली. लंडनहून शिकून आलेले अल्ताफ मोहमदी (१९४२–२००५) आणि नवज्योत अल्ताफ हे दांपत्य मुंबईच्या प्रोयोम या डाव्या युवक संघटनेत होते. त्यांनी पोस्टर काढली आणि आपली चित्रे कामगारवस्त्यांत व महाविद्यालयांत नेऊन दाखवली. मार्क्सवादाच्या प्रभावाखाली चित्राकडे आलेले दुसरे महत्त्वाचे नाव सुधीर पटवर्धन यांचे. १९४९ साली पुण्यात जन्म, सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर, १९७५ पासून तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ. चित्रकला स्वतःहून शिकलेली. इराण्याच्या हॉटेलात एकटा बसलेला माणूस, लोकलचा डबा, नाल्याकाठची वस्ती, बांधकामावरचा मजूर यांना त्यांनी मोठ्या कॅनव्हासवर आणले. त्यांच्या चित्रात मूठ आवळलेला कामगार सापडत नाही. दमलेला, वाट पाहणारा, गर्दीत उभा असलेला माणूस सापडतो, आणि त्याच्या खांद्यांच्या ठेवणीतूनच व्यवस्थेची सगळी तक्रार कळते. क्ष-किरण पाहायची सवय असलेल्या डोळ्याने हाडांवरचे ओझे पाहिले असे कोणी म्हटले तर ते केवळ शब्दखेळ ठरणार नाही.

१९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन मुंबई आणि दिल्लीत भरले. पटवर्धन, नलिनी मलानी, भूपेन खक्कर, गुलाममोहंमद शेख, विवान सुंदरम आणि जोगेन चौधुरी असे सहा जण, लेख गीता कपूर यांचा. अमूर्त चित्रांच्या लाटेनंतर माणसाला पुन्हा चित्रात जागा द्यायची हा त्याचा हेतू. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, संप कधी रीतसर मिटला नाही, आणि गिरणगाव विरत गेले. पटवर्धनांच्या ‘लोअर परळ’ (२००१) मध्ये चिमण्यांच्या बाजूला उभी राहणारी नवी मुंबापुरी दिसते.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनी मुंबईच्या चित्रकारांना हादरवले. रुम्माना हुसेन (१९५२–१९९९) यांनी तैलरंग जवळजवळ बाजूला ठेवले आणि फुटलेली मडकी, आरसे, स्वतःचे शरीर यांतून बोलायला सुरुवात केली. नवज्योत यांनीही कॅनव्हासची चौकट ओलांडून मांडणशिल्प उभारले. अतुल डोडिया यांनी १९९९ मध्ये गांधीजींवर जलरंगांची मालिका केली आणि पुढे दुकानांची लोखंडी शटर हाच कॅनव्हास केला. दंगलीत आधी शटर पडते, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. कराचीत जन्मलेल्या, फाळणीत इकडे आलेल्या नलिनी मलानी यांनी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ मांडले. मंटोच्या कथेतला वेडा, अणुस्फोटाची दृश्ये, पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेले दूरचित्रवाणी संच. १९९९ मध्ये ते प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात दाखवले गेले. शाळांच्या सहली आणि सुट्टीला मुंबई बघायला आलेली कुटुंबे ज्या इमारतीत जातात, तिथे अणुयुद्धाविरुद्धचे काम लावणे ही त्या कामाइतकीच विचारपूर्वक केलेली निवड होती.

जातीच्या अन्यायावर मात्र मुंबईच्या आधुनिक चित्रकलेने फार काळ डोळेझाक केली. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, कविता आणि आत्मकथने यांनी मराठी साहित्य ढवळून काढले. नावाजलेल्या दालनांत त्या काळात याचा मागमूस क्वचितच दिसतो. हे काम नागपूरच्या सवी सावरकर (जन्म १९६१) यांनी अंगावर घेतले. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला पेशवाईतला अस्पृश्य, मेलेली गाय ओढणारा माणूस, देवदासी हे त्यांचे विषय. रेषा ओबडधोबड, रंग भडक, चेहरे सुंदर दिसण्याचा प्रयत्नच नाही. आदिवासी कलेतला विरोधाभास याहून तीव्र आहे. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. पण बाजारात गेलेल्या वारली चित्रांत लग्नचौक आणि तारप्याचा नाचच जास्त. गंजाडचे राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासोबत २०१३ पासून केलेल्या कामात जमीन, धरणे आणि हिंसा यांची गाऱ्हाणी त्याच पांढऱ्या रेषेत आली.

मराठवाड्यातल्या वारंगा फाट्यावरून हा इतिहास पाहिला तर त्यातली अंतरे नीट कळतात. कळमनुरी तालुक्यातले हे ठिकाण म्हणजे तिठा. नांदेडहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक हिंगोली, वाशीमवरून अकोल्याला जातो, दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळवरून वर्धा-नागपूरकडे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हा मुलूख परभणी जिल्ह्यात, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. चित्रकला शिकायची तर मुंबई परमुलखात आणि जवळचे शहर हैदराबाद, अशी स्थिती. औरंगाबादला शासकीय कलामहाविद्यालय निघाले ते १९७१ मध्ये.

या मुलखाने अन्याय पाहिला तो चित्रांतून नव्हे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडाभर दलित वस्त्या जाळल्या गेल्या. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावी पोचिराम कांबळे यांना मारण्यात आले. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडला आत्मदहन केले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षांची ही नामांतर चळवळ गाण्यांनी, भाषणांनी, औरंगाबादहून निघणाऱ्या ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकांनी सांभाळली. तिचे दृश्य रूप होते ते भिंतीवरच्या घोषणा, निळे झेंडे, कापडी फलक आणि जयंतीच्या मिरवणुकीतली बाबासाहेबांची रंगवलेली चित्रे. ती रंगवणारे हात गावोगावच्या पेंटरांचे होते. हे लोक दुकानाच्या पाट्या रंगवीत, ट्रकच्या मागे नक्षी काढीत, निवडणुकीत भिंती लिहीत आणि एप्रिलमध्ये जयंतीचे बॅनर करीत. कलेच्या इतिहासात त्यांची नोंद नाही. पण तिठ्यावर, बसथांब्यावर, चहाच्या टपरीशेजारी जे लागते तेच सर्वांना दिसते, या कसोटीवर मराठवाड्यातली सगळ्यात जास्त पाहिली गेलेली निषेधाची चित्रे त्यांचीच. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फ्लेक्सने हा धंदा खाल्ला. पाटी आता संगणकावर जुळते आणि काही तासांत छापून मिळते. तिच्यावर नेत्यांचे फोटो मावतात तेवढे मावतात.

नामांतराचे चित्र दालनात यायला उशीर झाला, पण ते आले. मुंबईत १९८४ साली जन्मलेले विक्रांत भिसे यांनी महाडचा सत्याग्रह, पँथरचे मोर्चे आणि नामांतराचा लढा आपल्या चित्रांत घेतले. त्यांच्या कॅनव्हासवर गर्दीतली माणसे एकमेकांत मिसळतात, मात्र प्रत्येकाचा चेहरा वेगळा राहतो. कोल्हापूर जिल्ह्यातले प्रभाकर कांबळे (जन्म १९८६) यांनी ‘उतरंड’ या मालिकेत एकावर एक चढवलेली मडकी जातींच्या उतरंडीसाठी वापरली. २०२२ च्या बर्लिन बिनालेत हे काम होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते (जन्म १९८६) कोळसा खाणीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या घरातले. ते कोळशानेच भिंतीवर चित्र काढतात, आणि प्रदर्शन संपले की बहुधा ते पुसले जाते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा आला. त्याच वर्षी ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिकात पाचपुत्यांनी शेतकऱ्यांच्या प्रतिकारावरचे काम लावले. चंद्रपूरचा कोळसा आणि नाशिकचे फाटके पाय ऑस्ट्रेलियात पोचले. विदर्भ-मराठवाड्याच्या कापूसपट्ट्यात ते अजून तितके पोचलेले नाहीत.

अंतर कमी करण्याचे प्रयत्न थोडे झाले आणि त्यांतला एक नोंदवण्यासारखा आहे. २००८-०९ मध्ये सुधीर पटवर्धन यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रांचे प्रदर्शन मुंबईबाहेर महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत फिरवले. मूळ चित्रे, सोबत मराठीत माहिती. छापील चित्र पाहणे आणि पाच-सहा फुटी मूळ कॅनव्हाससमोर उभे राहणे यातला फरक शहराबाहेरच्या कलाशिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना तेव्हा अनुभवता आला. पटवर्धनांच्या अलीकडच्या चित्रांत युद्धाने उद्ध्वस्त झालेली शहरेही आली आहेत, आणि युक्रेन-गाझाच्या बातम्या मोबाइलवर पाहणाऱ्या खेड्यातल्या मुलाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

त्या मुलाचा चित्रकलेशी येणारा मुख्य संबंध मात्र वेगळाच असतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना हिंगोली, नांदेडसारख्या जिल्ह्यांतल्या गावोगावच्या शाळांतून मुले बसतात. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि स्मरणचित्र असे विषय. स्मरणचित्राला जत्रा, आठवडी बाजार, बसथांबा, पेरणी असे प्रसंग ठरलेले. त्या चौकटीत सावकार, पाण्याच्या टँकरपुढची रांग किंवा जळालेली वस्ती बसत नाही, आणि दहावीला वाढीव गुण मिळाले की बहुतेकांची रंगपेटी कायमची मिटते. ज्यांची मिटत नाही त्यांतले काही छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीच्या औरंगाबादला) किंवा मुंबईला कलामहाविद्यालयात जातात. भिसे, कांबळे, पाचपुते यांच्या पिढीची चित्रे हा वर्ग पाहतो तो मुख्यतः मोबाइलवर, छोट्या पडद्यावर.